जोडीने जपानला राहायला जाताय? कागदांचा क्रम असा लावा

नोकरी एकाची ठरते आणि बिऱ्हाड दोघांचं हलतं. ज्याची नोकरी त्याचे कागद कंपनी बघते. जोडीदाराचे कागद मात्र 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणत मागे पडतात, आणि नंतर त्यांच्यावरच सगळं अडतं. जपानी सरकारी कचेऱ्यांत सहसा कुणी मुद्दाम खेटे घालायला लावत नाही, पण प्रत्येक खिडकीला आधीच्या खिडकीचा कागद लागतो. एक पायरी राहिली की पुढच्या तीन थांबतात.

हा लेख एकाकडे नोकरीचा व्हिसा आणि दुसऱ्याकडे डिपेंडंट व्हिसा, म्हणजे जपानी भाषेत 'काझोकु ताइझाई', असलेल्या जोडप्यांसाठी आहे. दोघांचीही नोकरी ठरलेली असेल तर नोकरीच्या परवान्याचा भाग सोडून बाकीचं लागू पडेल.

टप्पा १: निघण्याच्या तीन-चार महिने आधी नावं जुळवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे वेळ घालवा.

पासपोर्टवर जे नाव असेल तेच जपानच्या रेसिडन्स कार्डावर, म्हणजे तिथल्या परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर, छापलं जातं, आणि पुढे बँक, फोन, विमा, घराचा करार सगळीकडे तेच चालतं. आपल्याकडे नाव तीन पदरी. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आलं असेल तर जपानमध्ये ते तुमच्या नावाचाच भाग धरलं जातं. त्यात चूक काही नाही, पण मग ते प्रत्येक अर्जावर, दर वेळी तसंच लिहावं लागतं. एका ठिकाणी मधलं नाव घातलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

बायकोने लग्नानंतर आडनाव बदललेलं नसेल तर मुद्दाम बदलायची काहीही गरज नाही. दोघांची आडनावं वेगळी असली तरी व्हिसा मिळतो, नातं लग्नाच्या दाखल्यावरून ठरतं. बदलायचंच असेल तर व्हिसाची प्रक्रिया सुरू होण्याआधी पासपोर्ट नवा करून घ्या. मध्येच बदलू नका. अर्ज जुन्या नावाने आणि पासपोर्ट नव्या नावाने, अशी स्थिती निस्तरायला सोपी नसते.

लग्नाचा दाखला म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाचा दाखला. लग्नाचे फोटो आणि पत्रिका त्याच्या जागी चालत नाहीत. त्याच्या किमान दोन अधिकृत प्रती घ्या आणि एका प्रतीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण, करून ठेवा. ते सरसकट कुणी मागत नाही, पण कुणी मागितलं तर जपानमधून करून घेणं फार कटकटीचं होतं. दाखल्याचं जपानी भाषांतरही आत्ताच करून घ्या. भाषांतरकार सरकारमान्य असण्याची अट नसते. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि सही असली की पुरतं.

*तपासून घ्या:* दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि नोकरीचं पत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून वाचा. जन्मतारखाही. एका कागदावर एक 'ए' आणि दुसऱ्यावर दोन, एवढा फरकही दुरुस्त करून घ्या.

टप्पा २: एकत्र जायचं की मागेपुढे, हे अर्जाआधी ठरवा

व्हिसाच्या आधी सीओई लागतो. हे पात्रतेचं प्रमाणपत्र जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयातून निघतं. तिथला अर्ज कंपनी करते किंवा जपानमध्ये आधीच राहणारा जोडीदार करतो. साधारण एक ते तीन महिने लागतात. सीओई हातात आल्यावर भारतात व्हिसाचा अर्ज करायचा, ते काम तुलनेने लवकर होतं. सीओई निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं असतं.

बहुतेक जण काय करतात? नोकरीवाला आधी जातो, स्थिरस्थावर होतो आणि मग जोडीदाराच्या सीओईचा अर्ज भरतो. त्या अर्जाला उत्पन्नाचा आणि स्थानिक कर भरल्याचा दाखला मागतात. तो नव्या माणसाकडे नसतो, मग कंपनीकडून नोकरीचं आणि पगाराचं पत्र आणा, पुन्हा दोन-तीन महिने वाट बघा. थोडक्यात, पाच-सहा महिने दोघं दोन देशांत.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीला दोघांचे सीओई अर्ज एकाच वेळी भरायला सांगा. नोकरीवाल्याने आधी जाऊन घर बघावं, जोडीदाराने त्याच तीन महिन्यांच्या मुदतीत मागून यावं. एकत्र राहण्याची घाई आणि घर शोधण्याची सवड, दोन्ही साधतात. मात्र जोडीदार नोकरीवाल्याच्या आधी उतरू शकत नाही.

*सावध:* 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर'चा पहिला प्रकार आणि टेक्निकल इंटर्न या व्हिसांवर जोडीदाराला नेता येत नाही. एजंट काहीही सांगो. तसंच 'आधी टुरिस्ट व्हिसावर ये, मग तिथे बदलून घेऊ' या भरवशावर विमानात बसू नका. आणि काझोकु ताइझाई फक्त जोडीदार आणि मुलांसाठी असतो, आईवडिलांसाठी नाही.

भारतीय कंपनी तुम्हाला काही काळासाठी पाठवत असेल तर आणखी एक कागद आहे. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घेतलं तर पाच वर्षांपर्यंत जपानी पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही. ते निघण्याआधी घ्या.

टप्पा ३: बॅगेत काय नको

औषधांपासून सुरुवात करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आधी 'युन्यू काकुनिन-शो' हे आयात प्रमाणपत्र काढावं लागतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं त्या आणताच येत नाहीत. खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, तेही वाचा. घरच्या औषधांच्या डब्यातला सगळा साठा जसाच्या तसा बॅगेत ओतायची सवय इथे महागात पडते. औषधं मूळ वेष्टनात ठेवा आणि सोबत इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन असू द्या.

मांसाचे पदार्थ बंद आहेत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे व्यवहारात ते आणू नका. पेरलं तर उगवेल असं काहीही आणायचं असेल तर आधी नियम बघा. दळलेले, पाकीटबंद मसाले ही निर्धोक वाट.

दोघांचे ४ बाय ३ सेंटीमीटरचे फोटो भरपूर न्या. रोख रक्कम १० लाख येनच्या वर असेल तर कस्टम्सला सांगणं बंधनकारक आहे.

टप्पा ४: विमानतळ

नारिता, हानेदा, कान्साई, चुबु यांसारख्या मोठ्या विमानतळांवर रेसिडन्स कार्ड तिथल्या तिथे हातात मिळतं. लहान विमानतळावर उतरलात तर ते नंतर टपालाने येतं आणि पुढची कामं तेवढी लांबतात. तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

कार्ड हातात येताच, रांगेतून बाजूला होऊन, नाव, जन्मतारीख, राहण्याचा प्रकार आणि मुदत वाचा. जोडीदाराचंही. दोघांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, तारखा लगेच लिहून ठेवा. यापुढे हे कार्ड कायम अंगावर असायला हवं. जवळच्या दुकानात जातानाही. सोबत नसलं तर २ लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सामान मागून जहाजाने किंवा कार्गोने येणार असेल तर ते याच वेळी कस्टम्सला कळवा. स्वतंत्र फॉर्म असतो, दोन प्रतींत. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. हे राहिलं तर नंतर आलेल्या घरगुती सामानावर करमाफी मागता येत नाही.

टप्पा ५: पत्त्याची नोंद, चौदा दिवसांच्या आत

राहायला लागलात की चौदा दिवसांच्या आत तिथल्या वॉर्ड ऑफिसात, लहान गावात असाल तर नगरपालिकेत, राहायला आल्याची सूचना द्यायची. त्यासाठी कायमचं घर मिळेपर्यंत थांबू नका. कंपनीची सदनिका किंवा महिन्याच्या भाड्याची खोली चालते, हॉटेल सहसा चालत नाही. घर बदललं की पुन्हा नोंद करायची. नव्वद दिवस नोंद केलीच नाही तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो.

दोघांनी मिळून जा. सोबत दोघांचे पासपोर्ट, दोघांची रेसिडन्स कार्डं, लग्नाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर न्या. हा शेवटचा कागद लोक विसरतात. वॉर्ड ऑफिसात एका घरात राहणाऱ्यांची एकत्र नोंद होते, त्यात एक कुटुंबप्रमुख आणि बाकीच्यांचं त्याच्याशी नातं लिहिलेलं असतं. भाषांतरासह पुरावा दिला तर 'पत्नी' किंवा 'पती' अशी नोंद होते. नाही दिला तर 'एन्कोशा', म्हणजे कुणीतरी नातलग, अशी. त्या क्षणी काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, विम्यासाठी किंवा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी नातं दाखवायची वेळ येते तेव्हा. जोडीदार मागून येणार असेल तर त्याची नोंद करतानाही हाच दाखला लागतो.

*तपासून घ्या:* बाहेर पडण्याआधी कार्डाच्या मागे पत्ता छापला का ते बघा. आणि 'जुमिन्ह्यो' या रहिवासी दाखल्याच्या दोन-तीन प्रती, घरातल्या सगळ्यांची नावं आणि नातं दाखवणाऱ्या, तिथेच घ्या. प्रतीमागे साधारण ३०० येन पडतात.

टप्पा ६: टपालपेटीवर दोघांची नावं

काम पाच मिनिटांचं, पण न केल्याचा त्रास मोठा. वॉर्ड ऑफिसात नोंद झाल्यावर काही आठवड्यांत प्रत्येकाला 'माय नंबर'चं, म्हणजे आपल्या आधारसारख्या बारा अंकी ओळख क्रमांकाचं, पत्र रजिस्टर टपालाने येतं. बँकेचं कार्डही टपालानेच येतं. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जाऊ शकतं. नोकरीवाल्याचं नाव लावलेलं असतं, वेगळ्या आडनावाच्या जोडीदाराचं नसतं, आणि परत जातं ते नेमकं त्याचंच पत्र. दोन्ही नावं रोमन आणि काताकाना अशा दोन्ही लिप्यांत लावा.

काताकानातलं नाव एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आपल्या नावांचे उच्चार त्या लिपीत दोन-तीन तऱ्हांनी बसतात. बँकेत एक आणि फोन कंपनीत दुसरं असं झालं की बिल खात्यातून वळतं होत नाही.

टप्पा ७: विमा आणि पेन्शन

कंपनी 'शाकाई होकेन', म्हणजे नोकरदारांचा आरोग्य विमा आणि पेन्शन, देत असेल तर जोडीदाराला त्यात अवलंबित म्हणून घालून घ्या. त्याचं वार्षिक उत्पन्न १३ लाख येनच्या आत असावं लागतं. वेगळा हप्ता पडत नाही. नोकरीवाला कंपनीच्या पेन्शन योजनेत असेल तर २० ते ५९ वयाच्या अवलंबित जोडीदाराची पेन्शनमधली नोंदही हप्त्याशिवाय होते. हे आपोआप होत नाही, कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो आणि तिथे पुन्हा नात्याचा पुरावा लागतो. कंपनीचा विमा नसेल तर वॉर्ड ऑफिसातून राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा.

दोन्हींत डॉक्टरच्या बिलाचा ३० टक्के भाग आपण भरतो. जुन्या पद्धतीचं विमा कार्ड २ डिसेंबर २०२४ पासून नव्याने दिलं जात नाही. आता माय नंबर कार्डाला, म्हणजे त्या नंबराच्या ओळखपत्राला, विमा जोडतात, ते कार्ड नसेल तर पात्रतेचं वेगळं पत्र मिळतं.

टप्पा ८: फोन आणि बँक

बँक फोन नंबर मागते, फोन कंपनी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागते. यातून सुटायचा मार्ग म्हणजे आधी परदेशी रहिवाशांसाठीचं, दुकानात रोख पैसे भरून चालणारं व्हॉइस सिम घ्यायचं. फक्त डेटाचं पर्यटक सिम नको, त्याला बोलायचा नंबर नसतो. मग त्या नंबरावर खातं उघडायचं. स्वस्त योजना नंतर शोधा.

जपानमध्ये येऊन सहा महिने झालेले नसले की बऱ्याच बँका पूर्ण सोयींचं खातं द्यायला नकार देतात. नोकरी असणाऱ्याला कंपनीच्या पत्रावर सूट मिळते. जोडीदाराला लगेच खातं मिळालं नाही तर दारोदार फिरू नका, सहा महिन्यांनी तेच काम सहज होतं. पोस्टाची बँक आधी विचारून बघा. हांको म्हणजे सहीच्या जागी मारायचा नावाचा शिक्का, खात्यासाठी तो लागतो असं ऐकाल. बऱ्याच बँका आता सहीवर भागवतात.

टप्पा ९: कायमचं घर

इथे घाई केली की पैसे जातात. घर घेताना भाड्याखेरीज शिकिकिन ही अनामत, रेइकिन ही घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलाली, हमी कंपनीचं शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च असतो. सगळं मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतके पैसे पहिल्याच दिवशी लागू शकतात. दलालीची कायदेशीर कमाल मर्यादा एक महिन्याचं भाडं अधिक कर एवढी आहे.

'यूआर' या सरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली, हमीदार आणि कराराच्या नूतनीकरणाचं शुल्क लागत नाही. अनामत दोन महिन्यांची असते, उत्पन्नाची अट असते. इमारती जुन्या असतात, पण नव्या जोडप्याने आधी तिथेच चौकशी करावी असं मला वाटतं.

*सावध:* बऱ्याच लहान खोल्यांचा करार एकाच माणसासाठी असतो. नोकरीवाला एकटा येऊन अशी खोली घेतो आणि दोन महिन्यांनी जोडीदाराला आणतो, तो करारभंग ठरतो. घर बघतानाच 'फुतारी न्यूक्यो का', म्हणजे दोघांना राहायची परवानगी आहे का, हे विचारा. जोडीदार अजून भारतात असला तरी राहणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घाला.

घर रिकामं मिळतं. दिवे, पडदे, गॅसची शेगडी यांपैकी काहीच नसेल असं धरून चाला. गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि त्या वेळी कुणीतरी घरात असावं लागतं. त्याची वेळ चावी मिळण्याच्या आधी ठरवा, नाहीतर पहिल्या थंडीत गार पाण्याने आंघोळ.

टप्पा १०: जोडीदाराची नोकरी

काझोकु ताइझाईवर थेट काम करता येत नाही. इमिग्रेशन कार्यालयातून 'शिकाकुगाई कात्सुदो क्योका' हा परवाना घ्यायचा, शुल्क नाही. विद्यार्थ्यांना तो विमानतळावर मिळतो हे ऐकून जोडीदारही तिथे मागतात, पण त्यांना तो नंतर कार्यालयातूनच घ्यावा लागतो. दोन आठवडे ते दोन महिने धरा. शिक्का आल्याशिवाय एक दिवसही काम सुरू करू नका.

मर्यादा आठवड्याला २८ तास. सगळ्या नोकऱ्या मिळून, आणि आठवडा कोणत्याही वारापासून मोजला तरी. विद्यार्थ्यांना मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांची सूट असते, डिपेंडंटला नाही. जास्त तास केल्याचं तेव्हा कुणी विचारत नाही, मुदतवाढीच्या वेळी कराच्या दाखल्यावरून दिसतं.

भारतातल्या कंपनीचं काम जपानमधल्या घरी बसून करायचं असेल तर 'पैसे तिकडे मिळतात, मग काय हरकत' असं गृहीत धरू नका. इमिग्रेशनला आधी विचारा. पूर्णवेळ नोकरी मिळाली तर व्हिसाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. आणि १३ लाख येनचा आकडा विसरू नका. तास नियमात असूनही उत्पन्न त्यावर गेलं तर स्वतःचा विमा आणि पेन्शन भरावी लागते.

टप्पा ११: फिरायला बाहेर पडताना, आणि मुदतवाढ

सोल, तैपेई, बँकॉक जवळ आली म्हणून तिकीट लगेच काढू नका. व्हिसा तुमच्या पासपोर्टवर ठरतो, जपानमध्ये राहण्यावर नाही. तैवानसारखे काही देश जपानचं रेसिडन्स कार्ड असलेल्या भारतीयांना अटींसह सवलत देतात, पण नियम बदलत राहतात. त्या त्या देशाच्या अधिकृत पानावर तिकिटाआधी बघा. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी.

जपान सोडताना विमानतळावर एक छोटा फॉर्म भरतात. त्यात 'परत येणार आहे' या चौकटीत दोघांनीही खूण करायची, प्रत्येकाने आपापल्या फॉर्मवर. त्यामुळे एक वर्षाच्या आत, किंवा कार्डाची मुदत आधी संपत असेल तर तिच्या आत, वेगळ्या परवान्याशिवाय परत येता येतं. खूण राहिली तर जपानमधला राहण्याचा हक्क तिथेच संपू शकतो. ही एक वर्षाची मुदत बाहेरून वाढवता येत नाही. घरी लांब मुक्काम होणार असेल, बाळंतपण किंवा कुणाचं आजारपण, तर निघण्याआधी इमिग्रेशनकडून रीतसर पुनर्प्रवेश परवाना घ्या.

मुदतवाढीचा अर्ज कार्ड संपण्याच्या तीन महिने आधीपासून देता येतो. कंपनी नोकरीवाल्याचा देते, जोडीदाराचा आपणच लक्षात ठेवून द्यायचा. नवं कार्ड हातात आलं की त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसात जाऊन माय नंबर कार्डाची मुदतही वाढवून घ्या. ती आपोआप वाढत नाही, आणि कार्ड संपलं की त्याला जोडलेल्या विम्याची दवाखान्यात अडचण होते.

पहिल्या वर्षी पगारातून स्थानिक रहिवासी कर कापला जात नाही, कारण तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर आकारतात. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून तो सुरू होतो आणि हातात येणारा पगार एकदम कमी दिसतो. मोठं घर किंवा लांबची सहल ठरवण्याआधी तो वजा करून हिशेब मांडा.